टोकन निघेल हो, पण गाणं कोणाचं?

वाचकांची पत्रं : गाणं-वाजवणं, रेकॉर्डिंग आणि हक्क

एरवी या सदरात माइक कोणता घ्यावा, ढोलकीची शाई का उडते, यूट्यूबनं व्हिडिओ का उतरवला, अशी पत्रं येतात. यंदा दिवाळीनंतर ‘ब्लॉकचेनवर गाणं मिंट करायचं आहे’ (म्हणजे गाण्याच्या नावानं तिथं एक डिजिटल नोंद, ‘टोकन’, काढायची आहे) असं विचारणारी पत्रं सुरू झाली, म्हणून हा महिना त्यालाच दिला. पहिलं पत्र लांब आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब झालं. बाकीच्यांच्या बऱ्याचशा शंका त्यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. घरी साडेसहा एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. भजनी मंडळात मी पेटी वाजवतो आणि स्वतःची गाणी लिहितो. एक डवरणीवर आहे, एक बोंडअळीवर. घरच्यांनी सीतादहीच्या वेळी, म्हणजे कपाशीच्या पहिल्या वेचणीला, म्हणायसाठी एक लिहायला लावलं, ते आहे. पोळ्यात झडत्या म्हणतात त्या चालीवर पीकविम्याचं एक आहे, ते तर आता आजूबाजूच्या गावांतही म्हणून राहिले लोक. पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणते, काका, ही आठही गाणी ब्लॉकचेनवर मिंट करून टाकू, म्हणजे मालकी कायमची तुमच्या नावावर होते, कोणी चोरू शकत नाही, आणि दरवेळी विकल्या गेलं की रॉयल्टी येत राहते. मंडळातले बाकीचे म्हणतात, हा सट्टा आहे, नादी लागू नका. खरं काय? खर्च किती येते? अन् करायचं तर कसं? — पेटीवाला शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मिंट करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. गावात नेट नीट चालत असेल तर चहा निवायच्या आत होतं. अवघड भाग त्याच्या आधीचा आहे आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही : ही आठ गाणी नेमकी कोणाची?

पुतण्या म्हणतो, मिंट केलं की मालकी तुमच्या नावावर होईल. नाही होत. ब्लॉकचेन म्हणजे तलाठ्याकडच्या फेरफार नोंदवहीसारखी एक वही समजा. फरक इतकाच की ती एका कार्यालयात नसते, जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते आणि मागची ओळ कोणाला खोडता येत नाही. टोकन ही त्या वहीतली एक नोंद : अमुक क्रमांकाचं टोकन, अमुक वॉलेटनं (म्हणजे त्या वहीतल्या खात्यानं) काढलं, अमुक तारखेला तमुक वॉलेटला दिलं. आता फेरफार झाला एवढ्यावरून वावर आपलं झालं, असं कोर्ट मानतं काय? खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा, काहीतरी दाखवावंच लागतं. आणि तलाठी निदान नोटीस तरी काढतो, हरकत घ्यायला मुदत देतो. इथं उद्या मी तुमचं बोंडअळीचं गाणं माझ्या वॉलेटमधून मिंट केलं तर ‘बाई, हे तुमचं आहे काय’ असं विचारणारं कोणी नाही.

ही वही काही फक्त अमेरिकेतली गोष्ट नाही. २०२२ मध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीला, जातीचे ६५ हजार दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं, खोटा दाखला ओळखता यावा म्हणून. पण तिथं नोंदीच्या आधी कागद तपासणारं सरकारी कार्यालय होतं. तुमच्या गाण्याचे कागद तुम्हालाच तपासायचे आहेत.

तुमची मालकी टोकनवर अवलंबून नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं लिहून झालं की हक्क तिथंच तयार होतो, त्याला अर्ज लागत नाही की शिक्का. शब्दांचा आणि चालीचा हक्क तुमच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालतो. पण कायद्याला एका गाण्यात निरनिराळ्या वस्तू दिसतात. शब्द वेगळे, चाल वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्यानं पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून ते करवून घेतलं त्याचा. शिवाय खंजिरीवाला, ढोलकवाला, कोरस यांचे कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, ते ५० वर्षांचे. एवढी सगळी माणसं एका गाण्यात बसलेली आहेत, आणि पुतण्या त्यांना एका वॉलेटमध्ये घालायला निघाला आहे.

एकेक गाणं घेऊन बसा. डवरणीचं आणि बोंडअळीचं शब्द-चालीसकट तुमचं असेल तर काही प्रश्न नाही. पीकविम्याच्या गाण्याला झडत्यांची चाल आहे. ती कोणाच्या पणज्यानं लावली हे कोणाला ठाऊक नाही, म्हणजे ती सगळ्यांची. शब्द मात्र तुमचे. तेव्हा टोकनच्या माहितीत शब्दांपुढे तुमचं नाव घाला आणि चालीपुढे ‘पारंपरिक, पोळ्याच्या झडत्या’ असं लिहा. संगीतकार म्हणून स्वतःचं नाव टाकलं तर ते खोटं होईल, आणि या वहीतली खोटी ओळही खऱ्या ओळीइतकीच टिकते. सीतादहीचं गाणं घरच्यांनी, म्हणजे वहिनींनी, ‘लिहायला लावलं’ म्हणता. लावलं म्हणजे काय? विषय सांगितला, की ओळी सांगितल्या? पहिल्या वेचणीला बाया वावरात काय म्हणतात, ते तुम्हाला पेटीवर बसून कुठून कळलं असेल, अशी मला शंका आहे. ओळी त्यांच्या असतील तर त्या सहलेखिका आहेत. नाव घाला, वाटाही ठेवा.

मंडळ आहे म्हणजे राष्ट्रसंतांची भजनंही म्हणत असाल. या आठात तसं एखादं घुसवू नका. तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजली तर मुदत ३१ डिसेंबर २०२८ ला संपते. तोवर त्यांच्या रचनांचं टोकन करून विकायचं तर हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. सप्ताहात म्हणणं निराळं, विकणं निराळं.

मग कागद करा. घरचीच माणसं आहेत, कागद कशाला, असं म्हणाल. पण कायद्यातली एक बारीक गोष्ट ऐका. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. टोकन तर जगभर आणि कायमचं! सहाव्या वर्षी कोणाचं बिनसलं, किंवा कोणाच्या जावयानं वकील गाठला, की तुम्ही उघडे पडलात. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं त्याचे हक्क, नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. म्हणून ‘ब्लॉकचेनवरील टोकनसह’ हे शब्द कागदावर हवेतच. त्याच दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटाही बांधून दिला आहे. ‘मी तो सोडतो’ असं उद्या कोणी तुमच्याकडून लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. टक्केवारी मंडळात बसून ठरवा. पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर मात्र नको, तेव्हा सगळे उसनवारीच्या विचारात असतात आणि वाट्याचा आकडा फुगतो.

जी गाणी गावाबाहेर गेली आहेत तेवढ्यांची कॉपीराइट कार्यालयात नोंदणीही करून टाका. शब्दांना किंवा चालीला ५०० रुपये फी आहे, ध्वनिमुद्रणाला २,०००. सक्ती नाही, पण भांडण झालंच तर कोर्ट नोंदणीला प्रथमदर्शनी पुरावा मानतं. तुमच्या बाबतीत तरी हे ५०० रुपये टोकनपेक्षा जास्त कामाचे आहेत, असं माझं मत.

आता चोरी. २०२२ च्या सुरुवातीला हिटपीस नावाच्या एका संकेतस्थळानं जगभरच्या गायकांची गाणी परस्पर टोकन म्हणून विक्रीला मांडली. गायकांना पत्ताच नव्हता. आरडाओरड झाली, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं कायदेशीर पत्र धाडलं, तेव्हा दुकान बंद झालं. म्हणजे ब्लॉकचेननं चोरी थांबवली नाही. ती थांबवली वकिलाच्या पत्रानं आणि गायकांकडे असलेल्या कागदांनी. एक फायदा मात्र खरा आहे, तो पुतण्याला श्रेय देऊन सांगते. फाइलचा एक लांबलचक आकडा निघतो, त्याला हॅश म्हणतात. गाण्यातला एक कण बदलला तरी आकडा पार बदलतो. हा हॅश नोंदला गेला की अमुक तारखेला ही फाइल अस्तित्वात होती, एवढं पक्कं होतं. ती तुम्ही केली, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण उद्या एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्यानं पीकविम्याचं गाणं आपलं म्हणून गायलं, तर ‘दोन वर्षं आधीची नोंद पाहा’ असं म्हणता येतं.

गाणं ठेवलेलं कुठं असतं, हेही विचारून घ्या, कारण पुष्कळांना वाटतं ते ब्लॉकचेनमध्ये आत असतं. चार मिनिटांचं चांगल्या प्रतीचं गाणं म्हणजे ६९ एमबीच्या आसपास. एवढं त्या वहीत लिहायला गेलात तर वावर विकावं लागेल. म्हणून टोकनमध्ये फक्त पत्ता असतो आणि गाणं दुसरीकडे. तो पत्ता एखाद्या कंपनीच्या सर्व्हरचा असेल तर कंपनी बुडाल्यावर टोकन उरतं आणि गाणं जातं. एफटीएक्स ही क्रिप्टोची, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नाण्यांची, मोठी बाजारपेठ २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिथं मिंट केलेल्या टोकनांवरची चित्रं अशीच कोरी दिसू लागली. उलट हिक एट नुंक हा बाजार त्याच्या चालकानं २०२१ च्या नोव्हेंबरात अचानक बंद केला, पण तिथल्या कलाकृती आयपीएफएस या सामायिक साठवणीवर होत्या, म्हणून लोकांनी त्या दुसऱ्या दारानं पुन्हा उघडल्या. तेव्हा पुतण्याला सांगा, आयपीएफएसवरच ठेव. तिथंही फाइल कोणीतरी धरून ठेवावी लागते, त्याला पिन करणं म्हणतात. ते वर्षानुवर्षं कोण करणार, हे ठरवून घ्या. आणि मूळ फाइल घरी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर.

रॉयल्टीचं स्वप्न सगळ्यात जास्त विकलं गेलं. टोकनमध्ये ‘पुढच्या प्रत्येक विक्रीवर मला १० टक्के’ असं लिहिता येतं, हे खरं. पण ती बाजाराला केलेली सूचना असते. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस ओपनसी या सगळ्यात नावाजलेल्या बाजारानं नव्या संग्रहांवर ती सक्तीनं वसूल करणं सोडून दिलं आणि देणं-न देणं विकणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलं. मुळात दुसऱ्यांदा विक्री व्हायला पहिल्यांदा कोणी घेतलं पाहिजे. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर थ्रीलाऊ नावाच्या अमेरिकन डीजेनं आपल्या अल्बमच्या टोकनांचा लिलाव करून सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मिळवले. तुमच्या पुतण्यानं पाहिलेल्या व्हिडिओत हा आकडा नक्की असेल. त्याच्यामागे आधीपासून श्रोते उभे होते आणि ते वर्षच निराळं होतं, हे बहुधा नसेल. २०२३ च्या सप्टेंबरात डॅपगॅम्बल नावाच्या संकेतस्थळानं ७३,२५७ टोकनसंग्रह तपासले, त्यातल्या ६९,७९५ संग्रहांचं बाजारमूल्य शून्य निघालं. यवतमाळच्या शेतकऱ्याला भाव पडण्याबद्दल मी काय सांगणार, पण कपाशीला निदान जिनिंगवाला गिऱ्हाईक तरी असतो.

म्हणून मंडळींचं ‘सट्टा’ म्हणणंही मला पटत नाही. विकत घेणारा सट्टा खेळू शकतो. काढणाऱ्याचं फार तर थोडं भांडवल आणि बराच वेळ जातो. तुमचं गिऱ्हाईक कोण, याचा विचार करा. पुण्यामुंबईत आणि परदेशात गेलेली तुमच्या पंचक्रोशीतली पोरं. पोळ्याला गावात नसल्याची ज्यांना चुटपुट लागते, ती. त्यातली काही जण मंडळाला मदत म्हणून आणि आपल्या गावचं काही जवळ असावं म्हणून घेतील. ती माणसं आधी व्हॉट्सॲपवर गोळा करा. ती नसतील तर टोकन तसंच पडून राहील.

रेकॉर्डिंगबद्दलही सांगते, ते माझं रोजचं काम आहे. खंजिरीची थाप आणि झांज एकदम उसळी घेतात, मीटर लाल होतो, आणि असा फाटलेला आवाज मागाहून कोणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही. पातळी खाली ठेवा, सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एमपीथ्री पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही. आमचा स्टुडिओ जिनिंगच्या मागच्या गल्लीत आहे. कापसाचा हंगाम भरात आला की प्रेसचा धबधबा गोधड्या लावलेल्या भिंतींमधूनही आत येतो, मग आम्ही रात्री उशिराच माइक उघडतो. तुम्ही गावातच घेणार असाल तर विहिरींवरचे पंप कधी चालतात ते पाहून वेळ धरा. थ्री-फेज आली की पेटीच्या षड्जाला दुसराच षड्ज चिकटतो. अंगणातली कोंबडी मी चालवून घेते, तो आवाज गाण्याच्या गावचाच असतो.

आता करायचं कसं. वॉलेट तुमच्या फोनमध्ये, तुमच्या नावानं काढा. पुतण्याच्या वॉलेटमधून मिंट केलं तर निर्माता म्हणून कायमचा पत्ता त्याचा लागतो, मग तुम्ही कितीही ‘काका’ असा. वॉलेट उघडताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ते कागदावर लिहून खरेदीखतं ठेवता तिथं ठेवा. फोटो काढू नका, कोणाला पाठवू नका. ते शब्द ज्याच्याकडे, वॉलेट त्याचं. आधी सेपोलिया या सरावाच्या जाळ्यावर एकदा करून पाहा, तिथं खऱ्या पैशाचं काम नाही. मग पॉलिगॉन, बेस किंवा ऑप्टिमिझम यांपैकी एक घ्या. इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनच्या मुख्य साखळीवर गर्दी असली की एका नोंदीचा खर्च कुठल्या कुठे जातो, या बाजूच्या साखळ्यांवर तो बहुतेक वेळा काही रुपयांत भागतो. जुन्या व्हिडिओत पॉलिगॉनचं नाणं मॅटिक म्हणून सांगतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्याची जागा पीओएलनं घेतली आहे, गोंधळू नका. नोंदीचा खर्च भरायला लागणारं नाणं विकत घ्यायला केवायसी करणारी, सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेली देशी एक्स्चेंज वापरा. टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाशी यूपीआयनं व्यवहार करू नका, त्याचे पैसे चोरीचे निघाले तर तुमचं खातं गोठतं, आणि त्याच खात्यात पीकविमा यायचा असतो.

वाट्याचे टक्के ठरले असतील तर ‘स्प्लिट’ नावाचा छोटा प्रोग्राम लावून घ्या, आलेली रक्कम ठरल्याप्रमाणे त्या-त्या वॉलेटमध्ये आपोआप पडते. मंडळातल्या प्रत्येकाचं वॉलेट कोण उघडून देणार आणि कोण सांभाळणार, हा प्रश्न उरतोच. बऱ्याच मंडळांत शेवटी कोषाध्यक्षाची वही जिंकते. आणि टोकन घेणाऱ्याला काय मिळणार, ते माहितीत मराठीत, साध्या शब्दांत लिहा : ऐकण्याचा आणि जवळ बाळगण्याचा हक्क, कॉपीराइट नाही.

आठही गाणी नकोत. बोंडअळीचं एक काढा, थोड्या प्रती, किंमत शंभर-दोनशेच्या घरात. बाकीची सात कुठं पळून जात नाहीत.

प्रश्न : मी झाडीपट्टीत, देसाईगंजकडच्या नाटक कंपनीत गाते. मागच्या मोसमात मालकांनी प्रयोग चालू असताना साउंडवाल्याकडून माझी लावणी आणि दोन नाट्यगीतं रेकॉर्ड करून घेतली. आता त्यांचा मुलगा म्हणतो, याची टोकनं काढणार. मी विचारलं तर म्हणाले, ‘तुम्हाला नाइट दिली ना?’ सही कशावरच केलेली नाही. — एक गायिका, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, नाइट म्हणजे त्या रात्री स्टेजवर उभं राहण्याचे पैसे. तुमचं गाणं रेकॉर्ड करणं, त्याच्या प्रती काढणं, त्या विकणं किंवा लोकांपर्यंत पोचवणं, हे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलावंत म्हणून तुमचे स्वतंत्र हक्क आहेत, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात. सिनेमात काम करायला एकदा लेखी संमती दिली की त्या सिनेमापुरती हरकत घेता येत नाही, असं कायदा म्हणतो, आणि मालक लोक हेच ऐकून असतात. तुमचं रेकॉर्डिंग सिनेमा नाही. गीतं ज्यांनी लिहिली आणि ज्यांनी चाल दिली त्यांनाही मालकांनी विचारलं पाहिजे.

हे झालं कायद्याचं. पुढच्या मोसमाचं बुकिंग त्याच मालकांच्या हातात आहे, हे मला कळतं. म्हणून नोटिशीनं सुरुवात करू नका. दिवाळीआधी कंपन्या जुळतात, तेव्हा पेटीवाले, तबलजी आणि गीतकार यांना घेऊन एकत्र जा आणि नाइटच्या बोलणीतच एक कलम घाला : रेकॉर्डिंग करायचं तर वेगळा मोबदला, टोकन किंवा यूट्यूबवर गेलं तर टक्के, नाव ठळक. तोवर एक साधा संदेश मुलाला पाठवून ठेवा, ‘या रेकॉर्डिंगच्या विक्रीला माझी संमती नाही, बोलून ठरवू.’ तारीख राहते. कंपनीतल्या भागीदारांनाही हे कळू द्या. न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली एका रेकॉर्ड कंपनीच्या एक-तृतीयांश भागीदारानं कंपनीच्या एका अल्बमचा हक्क टोकन करून लिलावात काढायचा घाट घातला, असा दावा त्याच्याच कंपनीनं कोर्टात केला. वर्षभरानं तडजोड झाली ती अशी की कंपनीतला स्वतःचा हिस्सा त्यानं खुशाल विकावा, अल्बमवर मात्र हात टाकायचा नाही.

प्रश्न : मॅडम, आम्ही पुसदच्या कॉलेजात शिकतो. आमच्या ग्रुपचं रॅप कोणीतरी परस्पर टोकन करून एका परदेशी साइटवर विकायला लावलं आहे. ब्लॉकचेनवरून काहीच पुसता येत नाही असं ऐकलं. मग संपलंच का? — चौघे मित्र

उत्तर : संपलं नाही रे. नोंद पुसता येत नाही, पण दुकानाच्या फळीवरून माल उतरवता येतो, आणि फळीवर नसलेलं टोकन घ्यायला कोण येणार? बहुतेक बाजारांवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो, तो आजच भरा. आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांतही सोय आहे. लेखी तक्रारीत गाण्याचं वर्णन, ते तुमचं असल्याचा आधार आणि नेमका पत्ता द्या. खात्री पटली की मध्यस्थानं, म्हणजे त्या साइटनं, ३६ तासांत पाहणं-ऐकणं बंद करायचं असतं. पुढे २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर तो ते पुन्हा उघडू शकतो. आधारासाठी प्रोजेक्ट फाइल, वेगवेगळे ट्रॅक, पहिल्या कच्च्या रेकॉर्डिंगच्या तारखा गोळा करा. आणि बीट कुठून घेतली? इंटरनेटवरची ‘फ्री’ बीट असेल तर तिच्या अटी वाचा, तक्रार करायच्या आधी.

प्रश्न : मी संगीत शिक्षक, मूर्तिजापूर. माझ्या बासरीवादनाचं टोकन एका ओळखीच्यांनी १८ हजार रुपयांच्या ईथरला (इथेरियमच्या नाण्याला) घेतलं. कर किती? दरवर्षी ‘सहज’ (आयटीआर-१) फॉर्म भरतो, त्यातच दाखवू का?

उत्तर : सर, सहज फॉर्ममध्ये हे बसत नाही. आयटीआर-२ किंवा ३ घ्यावा लागतो, त्यात यासाठी वेगळं परिशिष्ट आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा डिजिटल मालमत्तेच्या विक्रीवर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. १८ हजारांवर ५,६१६ रुपये. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, म्हणजे तुम्ही दिलेलं स्टुडिओचं भाडं, तबलजीची बिदागी, सगळं तुमच्या माथी. स्वतः घडवलेल्या टोकनच्या पहिल्या विक्रीबद्दल काही करसल्लागार वेगळी मांडणी करतात, तेव्हा सीएला एकदा दाखवा. लोक फसतात ते पुढच्या टप्प्यावर. मिळालेलं ईथर तुम्ही ठेवून दिलं, ते १५ हजारांवर आलं आणि तेव्हा विकलं, तर झालेला ३ हजारांचा तोटा या कमाईतून वजा होत नाही. कर १८ हजारांवरच. म्हणून कराइतके पैसे आल्या-आल्या रुपयांत करून बाजूला काढा.

प्रश्न : ब्लॉकचेन वीज फार खाते म्हणतात. आमच्याकडे आधीच भारनियमन. हे पाप कशाला?

उत्तर : बिटकॉइनबद्दल ते आजही खरं आहे. इथेरियमनं १५ सप्टेंबर २०२२ ला पद्धत बदलली आणि वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. गाण्यांची टोकनं बहुतेक तिकडेच निघतात. तुमच्या फीडरशी त्याचा संबंध नाही, त्यासाठी दुसऱ्या कार्यालयाशी भांडा.

प्रश्न : मला व्हॉट्सॲपवर एकाचा संदेश आला : तुमचं गाणं निवडलं गेलं आहे, ४,९९९ रुपये भरा, आम्ही मिंट करून देतो, परदेशी गिऱ्हाईक तयार आहे. त्यानं वॉलेटचे १२ शब्दही मागितले, ‘व्हेरिफिकेशन’साठी. देऊ का? — एक कवयित्री, जि. वाशीम

उत्तर : नाही. पैसेही नाही आणि शब्द तर मुळीच नाही. गिऱ्हाईक खरंच तयार असेल तर त्याच्याच पैशातून फी कापून घ्या म्हणावं, मग पाहा किती वेळात तुम्हाला ब्लॉक करतो. शब्द आधीच देऊन झाले असतील तर त्या वॉलेटमधलं जे असेल ते नव्या वॉलेटमध्ये आजच हलवा, जुनं पुन्हा वापरू नका. आणि पैसे गेले असतील तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, थेट १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा. हा अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत ते पैसे चार खाती फिरून कोणीतरी एटीएममधून काढूनही घेतलेले असतील.